पानिपतला एकट्याने, एका दिवसात: काला अंबचं रणांगण कसं पाहावं

काला अंबच्या फाटकातून आत शिरलं की पहिल्या पाच मिनिटांत बहुतेक मराठी माणसांचा हिरमोड होतो. ज्या नावाने लहानपणापासून अंगावर काटा येतो ते पानिपत हेच का, असं वाटतं. थोडी हिरवळ, पायवाट, आणि लोखंडी कुंपणात उभा असलेला विटांचा एक स्तंभ. पलीकडे गहू, ऊस, कुठेतरी पाण्याच्या पंपाचा आवाज. ना बुरूज, ना खिंड. रायगड-प्रतापगड बघत वाढलेली नजर उंचवटा शोधत राहते आणि तो सापडत नाही. दहा मिनिटांत फोटो काढून माणसं परत गाडीत बसतात.

मी तीन वेळा गेलो आहे. पहिल्या खेपेला मीही रिकाम्या हाताने परतलो. दुसऱ्या खेपेला एक गोष्ट कळली: पानिपत तिथे मांडून ठेवलेलं नाही, ते आपण सोबत न्यावं लागतं. तारखा, दिशा, माणसं, त्या दिवसाचे तास, हे सगळं डोक्यात घेऊन गेलात तर ती सपाट शेतं बोलू लागतात. त्यासाठी काय तयारी करायची, कधी जायचं, कुठे किती वेळ उभं राहायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

एकट्यानेच का

चार जण एकत्र गेले की युद्ध पुन्हा नव्याने सुरू होतं. होळकर का निघाले, सदाशिवराव भाऊंनी बायका-माणसं सोबत का नेली, सुरजमल जाटाचं का ऐकलं नाही. हे वाद घरी बसून करायला चांगले आहेत. त्या जमिनीवर उभं राहून मात्र गप्प बसायचं असतं, आणि सोबत कुणी असलं की गप्प बसता येत नाही. शिवाय इथे दुपारी दोन-दोन तास एकाच ठिकाणी काढायचे आहेत. सोबतच्याला भूक लागते, कंटाळा येतो, त्याचं काही चूक नसतं; पण आपला दिवस त्यात जातो.

दिल्लीला कामानिमित्त गेलेल्या माणसाने एक दिवस मागे ठेवला तर हा प्रवास सहज जमतो. पानिपत दिल्लीच्या उत्तरेला साधारण ९० किलोमीटरवर आहे.

दिवस कोणता निवडावा

१४ जानेवारीला, १७६१ च्या त्या लढाईच्या दिवशी, जावं असं प्रत्येकाच्या मनात येतं. त्या दिवशी काला अंबला कार्यक्रम असतो, महाराष्ट्रातून लोक येतात, भाषणं होतात, पोवाडे होतात. तो अनुभव वेगळा आणि मोलाचा आहे, पण तो एकट्याचा नाही. एकट्याने जायचं तर तो दिवस सोडा.

इथे संक्रांतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पानिपतची संक्रांत म्हणून आपण १४ जानेवारीशी सणाची सांगड घालतो. पण १७६१ साली मकरसंक्रांत १४ तारखेला नव्हतीच. सूर्याचं ते संक्रमण तेव्हा चार-एक दिवस आधी व्हायचं. वर्षभर आधी, १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तो खरा संक्रांतीचा दिवस. पानिपतचा दिवस पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवारचा.

दुसरी अडचण धुक्याची. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत हरियाणात असं धुकं दाटतं की दहा-साडेदहापर्यंत शेताचा पलीकडचा बांध दिसत नाही आणि गाड्या तासन् तास उशिराने धावतात. मला विचाराल तर दोन पर्याय उत्तम. एक, जानेवारीचा शेवटचा आठवडा: धुकं विरळ झालेलं, गहू हिरवागार, मोहरी फुललेली, थंडी बोचरी. दुसरा, नोव्हेंबरचे शेवटचे दिवस: तेव्हा सूर्य आकाशात जवळपास तेवढ्याच उंचीवरून जातो जेवढ्या उंचीवरून तो १४ जानेवारीला जातो. या सूर्याचं काय काम आहे ते पुढे येईलच. नोव्हेंबरात हवा मात्र धुरकट असते, दमा असेल तर तो महिना टाळा. मे-जूनमध्ये अजिबात जाऊ नका. उन्हाने हाल होतील आणि त्या हिवाळी दिवसाचा अंदाजही येणार नाही.

वार ठरवताना सोमवार वगळा. सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात.

आधीचा आठवडा: काय पाठ करून जायचं

पुस्तकंच्या पुस्तकं वाचायची गरज नाही. तारखांचा एक धागा पाठ करा. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर. १४ मार्चला भाऊंची फौज परतूरहून उत्तरेकडे निघाली. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली घेतली. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा जिंकलं. आणि २५ ऑक्टोबरला अहमदशाह अब्दालीने बागपतजवळ भरल्या यमुनेतून फौज अलीकडे आणली.

या शेवटच्या तारखेपाशी थांबा, कारण सगळं पानिपत इथे ठरलं. कुंजपुरा पानिपतच्या उत्तरेला, बागपत दक्षिणेला. म्हणजे अब्दाली मराठे आणि दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. ज्यांचं घर दक्षिणेला ते उत्तरेकडे अडकले, आणि ज्याचं घर वायव्येला तो दक्षिणेला उभा. ऑक्टोबरअखेरीपासून १४ जानेवारीपर्यंत, अडीच महिने, मराठ्यांनी पानिपतच्या आसऱ्याने खंदक खणून तळ ठोकला. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसं त्या तळावर कितीतरी जास्त होती: यात्रेकरू, बायका, मुलं, बाजारबुणगे. १४ तारखेची लढाई ही चाल करून जाण्याची लढाई नव्हती. उपासमारीच्या वेढ्यातून सगळ्यांना घेऊन दक्षिणेकडे वाट काढण्याची होती. हे मनात पक्कं असलं तरच तिथे उभं राहिल्यावर दिशेला अर्थ येतो.

आता एक नकाशा हाताने काढा. छापील नकाशाची प्रत नको, हातानेच. आणि तो उलटा काढा: दक्षिण वर, उत्तर खाली. नेहमीच्या नकाशात डोक्यात गोंधळ होतो, कारण मराठे दक्षिणेकडे तोंड करून उभे होते आणि त्यांची डावी बाजू म्हणजे पूर्व. कागद उलटा काढला की त्यांची डावी ती आपली डावी. डावीकडे, यमुनेच्या बाजूला, इब्राहिमखान गारदी, त्याची शिस्तबद्ध पलटण आणि तोफा. त्याच्या लगत दमाजी गायकवाड, विठ्ठल शिवदेव विंचूरकर. मध्ये हुजुरात, म्हणजे पेशव्यांची स्वतःची फौज: सदाशिवराव भाऊ आणि विश्वासराव. उजवीकडे समशेर बहादूर, जनकोजी शिंदे, आणि टोकाला मल्हारराव होळकर. समोरच्या बाजूला गारद्यापुढे रोहिले, भाऊंपुढे अब्दालीचा वजीर शाहवलीखान, त्याच्या पलीकडे शुजाउद्दौला, आणि शिंदे-होळकरांसमोर नजीबखान. कागद चार घड्या करून खिशात ठेवा. दिवसभर तो बाहेर निघेल.

नावांपुढे वयं लिहा. भाऊ ३० वर्षांचे. विश्वासराव १८ वर्षांचे. नाना फडणवीस, जे पळून वाचले आणि पुढे जवळपास चाळीस वर्षं राज्य सांभाळत राहिले, तेव्हा एकोणिसाव्या वर्षात होते. आईला तीर्थयात्रा घडावी म्हणून ते सोबत आले होते. आई त्या धुमाळीत हरवली ती कायमची. नानांनी स्वतः लिहून ठेवलेल्या हकीकतीत ही व्यथा आहे. जाण्याआधी तेवढी पानं तरी वाचाच. दुसरा साक्षीदार काशीराज. तो शुजाउद्दौल्याच्या चाकरीत होता, म्हणजे शत्रूच्या छावणीत, पण दोन्हीकडे त्याचं जाणं-येणं, बोलणं होतं. भाऊंनी त्याला शेवटची चिठ्ठी लिहिली, की प्याला आता काठोकाठ भरला आहे, आणखी एक थेंब मावणार नाही. त्याचा वृत्तान्त लहान आहे, एका संध्याकाळी वाचून होतो.

आणि एक काम घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून करा. आपल्या घराण्यात, गावात पानिपतावर गेलेल्या कुणाची आठवण आहे का, विचारा. पुष्कळ घरांत असते: एखादं आडनाव, एखादी न जळलेली चिता, एखादं दिवा लावण्याचं ठिकाण. त्या युद्धाची बातमी सावकारी भाषेत आली ती आपल्याला सगळ्यांना पाठ आहे: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोत्यांची आणि मोहरांची नावं इतिहासात आहेत. खुर्द्यातलं एखादं नाव तुमच्या घरी सापडलं तर ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून न्या. सापडलं नाही तर नुसता 'खुर्दा' हा शब्द लिहा.

सामान

फार नको. चालायचे बूट, कारण शेताच्या वाटेवर पाणी सोडलेलं असतं आणि चिखल घोट्यापर्यंत येतो. एकावर एक घालायचे, काढायचे कपडे. सकाळी हात गारठतात आणि दुपारी स्वेटर नकोसा होतो. पाणी, पोटभरीचा डबा, वही-पेन्सिल, फोन चार्ज करायची बॅटरी, सुट्टे पैसे. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय तो उडवणं अडचणीत आणतं, आणि त्या जागेवर तो आवाजही शोभत नाही.

दिल्लीहून पानिपत

मी रेल्वेच सुचवीन. दिल्ली-अंबाला हा मुख्य मार्ग, त्यामुळे पानिपतला थांबणाऱ्या गाड्या दिवसभर असतात. जलद गाडीला साधारण दीड तास लागतो, लोकलसारख्या गाडीला त्याहून जास्त. सहा-साडेसहाची गाडी धरा. रेल्वे नको असेल तर काश्मिरी गेटच्या बस स्थानकावरून हरियाणा रोडवेजच्या बसगाड्या सुटतात. स्वतःची गाडी किंवा टॅक्सी असेल तर राष्ट्रीय महामार्ग ४४ सरळ नेतो, वाटेत मुरथलचे पराठे मिळतात.

टॅक्सी ठरवताना सावध राहा. हिमाचल प्रदेशात सिरमौर जिल्ह्यात काला अंब नावाचं दुसरं गाव आहे, कारखान्यांचं. पहिल्या खेपेला मी दिल्लीत नुसतं 'काला अंब' म्हणालो आणि चालकाने त्या गावाचा हिशेब सांगायला सुरुवात केली. फोनच्या नकाशातही कधी तेच आधी येतं. 'पानीपत का काला अंब, उग्राखेडी के पास' असं पूर्ण बोला.

गाडीत खिडकीची जागा मिळवा. नरेला, सोनिपत, गन्नौर, समालखा ही स्थानकं ओळीने येतात. समालखा गेलं की वही बाहेर काढा आणि फक्त बाहेर बघा. किती सपाट आहे ते बघा. ओढा नाही, खडक नाही, आडोसा नाही. आपली लढाईची सगळी विद्या डोंगर, दरी, जंगल, अंधार यांच्या भरवशावर वाढली होती. इथे एक घोडेस्वार दुसऱ्या घोडेस्वाराला कोसभरावरून दिसतो. हे वाचून कळतं, पण खिडकीतून पंधरा मिनिटं एकही टेकाड न दिसणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि हाच तो टापू, जो ओलांडून दिल्ली गाठायची होती.

पानिपतात उतरल्यावर: आधी इब्राहिम लोदी

स्टेशनबाहेर चहा घ्या आणि रिक्षा दिवसभराच्या नाही, टप्प्याटप्प्याच्या हिशेबाने ठरवा. पहिला टप्पा तहसील कचेरीजवळची इब्राहिम लोदीची कबर. २१ एप्रिल १५२६ ला बाबरशी लढताना तो इथे पडला. दिल्लीचा सुलतान, आणि कबर म्हणजे पायऱ्या चढून जायचा एक साधा विटांचा चौथरा. ना घुमट, ना छत. त्यावरचा लेख इंग्रजांच्या काळातला आहे. अर्धा तास पुरे होतो. पण काला अंबच्या आधी इथे यावं असं मला वाटतं, कारण पानिपतने फक्त आपलीच माणसं घेतली नाहीत हे सकाळीच ध्यानात येतं. १५५६ साली ५ नोव्हेंबरला हेमूही याच मुलखात डोळ्यात बाण लागून कोसळला.

साडेनऊच्या आसपास शहराबाहेर पडा.

काला अंब

हे स्मारक शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, यमुनेकडच्या बाजूला, उग्राखेडी गावाजवळ आहे. रिक्षावाल्याला परतीसाठी थांबवून ठेवू नका. त्याचं घड्याळ तुमच्या मागे लागतं. त्याचा फोन नंबर घ्या आणि दुपारी बोलवा. नाहीतर मुख्य रस्त्यापर्यंत चालत आलात की काहीतरी मिळतंच.

आत गेल्यावर लगेच स्तंभाकडे धावू नका. आधी संपूर्ण बागेला एक फेरी मारा, कडेकडेने, शेतांकडे बघत. एक गोष्ट स्वतःला सांगा: रणांगण हे नाही. रणांगण मैलोन् मैल पसरलं होतं, ही बाग म्हणजे त्यातला एक ठिपका. इथे आंब्याचं एक झाड होतं, त्याच्या आसपास भाऊंची शेवटची झुंज झाली असं परंपरा सांगते, आणि इतकं रक्त मुरलं की झाड काळं पडलं असं लोक म्हणतात. झाड कधीच गेलं. उरला हा स्तंभ, लाल विटांचा, वर लोखंडी सळई. कुंपणाबाहेरूनच बघा. विटांवर खरडलेली नावं कुठेही दिसली तर वाईट वाटतं, इथे जास्त.

दहा वाजले की कागद काढा, बाकावर बसा, आणि त्या दिवसाचे तास आजच्या घड्याळाला लावून वाचा. ही माझी रीत आहे, आणि तीन खेपांत मला हिच्याहून चांगली सापडली नाही.

*दहा वाजता.* पहाटे तळ हलला होता. काशीराज सांगतो, मराठ्यांनी तोंडाला हळद फासली होती. मरायला निघालेल्या माणसाची ती हळद. साधारण नऊ-दहाच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. कागदावर डावीकडे, पूर्वेकडे बघा. गारद्याने संगिनी लावून पलटणी पुढे घातल्या आणि रोहिल्यांची फळी कापत नेली. गायकवाड-विंचूरकरांचे स्वार उत्साहाने गोल सोडून पुढे धावले आणि त्यामुळे आपल्याच तोफांची वाट अडली, असं म्हणतात. गोल म्हणजे काय ते इथे शब्दाने नाही, हाताने समजून घ्या. वहीवर एक चौकोन काढा, कडांना लढणारे, पोटात न लढणारे. आता तो चौकोन या सपाटीवरून दक्षिणेला सरकवायचा आहे, आणि एकही कड फुटता कामा नये. एक कड धावली की पोट उघडं पडतं.

*साडेबारा वाजता.* उठा. मोकळ्यात, जिथे झाडाची सावली नाही तिथे उभे राहा. या सुमाराला पानिपतात सूर्य बरोबर दक्षिणेला येतो. तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा थोडी लांब आणि नेमकी उत्तरेला पडलेली दिसेल. होकायंत्राची गरज उरत नाही. आता सावलीकडे पाठ करा. हीच दिशा. भाऊ, विश्वासराव, जनकोजी, सगळे इकडे तोंड करून लढले.

हिवाळ्यातला सूर्य इथे माथ्यावर येत नाही. भर दुपारीही तो क्षितिज आणि माथा यांच्या अर्ध्यापर्यंतसुद्धा चढत नाही, आणि इथून पुढे उजवीकडे कलत अजून खाली येतो. पाच मिनिटं दक्षिणेकडे बघत राहा, टोपी न घालता. डोळे बारीक होतात, पाणी येतं, समोरच्या झाडांच्या नुसत्या काळ्या आकृती दिसतात. मग वळा आणि उत्तरेकडे बघा. प्रत्येक पान सुटं दिसतं. अब्दालीची फौज अशी बघत होती. दुसऱ्या खेपेला मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला रडू आलं. पराभवाची कारणं शंभर असतील, त्यात हे लहानच. पण हे एकच कारण असं आहे जे आजही तुमच्या डोळ्यांना जाणवतं.

याच वेळी मध्यावर हुजुरातीने वजिराची फळी फोडली होती. काशीराजने त्याला पाहिलं: घोड्यावरून उतरलेला, धुळीत, पळणाऱ्यांना ओरडून विचारत होता की आपला मुलूख दूर आहे, पळून जाल कुठे? दुपारी साडेबाराला इथे मराठे जिंकत होते. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

*एक ते दोन.* डबा खा. खाताना आठवण होईल ती होऊ द्या. तळावरचे सरदार भाऊंकडे गेले होते ते दोन दिवस पोटात अन्न नाही म्हणून, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून. पण तुम्ही उपाशी फिरू नका, पुढे चालायचं आहे. अब्दालीने या सुमाराला राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरच्या लहान तोफा पुढे आणल्या. आपल्याकडे राखीव काही नव्हतं.

जेवल्यावर बागेबाहेर पडा आणि शेतांमधल्या कच्च्या रस्त्याने अर्धा-पाऊण तास दक्षिणेकडे चाला. मुख्य बांधाची वाट धरा, पिकात शिरू नका, कुणी दिसलं की आधी 'राम-राम' म्हणा. हरियाणवी बोली कानाला तोडल्यासारखी वाटते, तिथला माणूस वडीलधाऱ्यालाही तू म्हणेल, त्यात राग नसतो. 'महाराष्ट्र से आए हो?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला गेला. एकदा मोहरीला पाणी देणाऱ्या एका म्हाताऱ्याने फावडं बांधावर टेकवलं, पाण्याची वाट चिखलाच्या एका ढेकळाने बंद केली, आणि हात धुऊन मला सांगितलं की त्याचे पूर्वज तुमच्याकडचे. या भागात रोड समाज आहे, त्यातले पुष्कळ जण स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. वंशावळीचा वाद घालायची ती जागा नाही. बसा, ऐका. चहा पुढे आला तर नाही म्हणू नका.

कुणी जुनं नाणं, गोळा, तलवारीचा तुकडा विकायला दाखवला तर घेऊ नका, आणि जमिनीत काही दिसलं तर उकरू नका. जमिनीत सापडणाऱ्या ठेव्यांसाठी १८७८ पासून कायदा आहे, शिवाय तिथे जे मातीत आहे ते तिथेच राहिलेलं बरं.

*अडीच-तीन वाजता.* बागेत परत या. दोन ते तीनच्या दरम्यान विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. त्यानंतर सगळी फौज जादू झाल्यासारखी फिरली, असं काशीराज म्हणतो. इब्राहिमखान जखमी होऊन पकडला गेला आणि मारला गेला. शेवटपर्यंत त्याने बाजू सोडली नाही, त्याचं नाव इथे घ्यायला विसरू नका. समशेर बहादूर जखमी अवस्थेत डीगपर्यंत पोचले आणि तिथे गेले. महादजी शिंद्यांचा पाय कायमचा अधू झाला, त्यांना वाचवणारा राणेखान पखाल वाहणारा भिस्ती होता. अंधार पडण्याआधी खेळ संपला होता, पण कत्तल नाही.

आता स्तंभासमोर उभे राहा. वहीचं पहिलं पान उघडा. तिथलं नाव, किंवा तो शब्द, मोठ्याने वाचा. आजूबाजूला कुणी नसतं.

उरलेल्या वेळात

तीन वाजता निघालात तर पानिपतचं संग्रहालय बघायला वेळ मिळतो. आधी ते का नाही, याचं कारण म्हणजे काचेमागच्या तलवारी आधी पाहिल्या की मन त्यांच्यात अडकतं. शेतं पाहून आल्यावर त्या वस्तू आपापल्या जागी बसतात. काळ्या आंब्याच्या लाकडाचा दरवाजा कुठे आहे, तेवढं विचारून बघा. काबुली बाग ही बाबराने बांधलेली मशीद आणि शहरातलं देवीचं मंदिर, ज्याच्याशी स्थानिक लोक मराठ्यांचं नातं सांगतात, हे दोन्ही एकाच दिवसात बसवायचा हट्ट नको. पहिल्या खेपेला मी तो केला. शहर आधी उरकलं आणि काला अंबला पाच वाजता पोचलो, सूर्य झाडांमागे, फाटक बंद व्हायच्या बेतात. एक जागा सोडायची वेळ आली तर शहरातली सोडा.

बाजारातून लोणचं घ्यायचं असेल तर पचरंगा घ्या, ते इथलंच. हातमागाच्या चादरी आणि घोंगड्यांची दुकानंही पावलोपावली आहेत.

परतीचं आणि सुरक्षिततेचं

जानेवारीत पावणेसहाला सूर्य मावळतो आणि त्यानंतर थंडी एकदम उतरते. शेतातून चारच्या आत बाहेर या, पाचच्या सुमारास स्टेशनवर असा. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. जी गाडी धरायची तिच्यामागे आणखी दोन असायला हव्यात. गाडीची चौकशी १३९ वर होते, अडचण आली तर ११२.

माझी धाकटी बहीण गेल्या हिवाळ्यात एकटी जाऊन आली. तिने सांगितलेलं तसंच देतो: रिक्षा स्टेशनबाहेरूनच घ्यावी आणि तिच्या नंबरचा फोटो घरी पाठवावा, दर दोन तासांनी ठिकाण कळवावं, कच्च्या रस्त्याने चालायचं तर जिथे शेतात बायका काम करताना दिसतात तिकडचा रस्ता धरावा, स्वच्छतागृह स्टेशनवर किंवा महामार्गावरच्या ढाब्यावर वापरून मगच काला अंबला जावं. तिला कुठे त्रास झाला नाही. दोन म्हाताऱ्यांनी मात्र 'अकेली क्यों आई' म्हणून काळजीने विचारपूस केली.

गाडीत बसल्यावर झोप येईल. ती थोडी लांबवा आणि समालखा येईपर्यंत वही पूर्ण करा: कुठे उभे होता, सावली कुठे पडली होती, कोण भेटलं, पिकं कोणती होती. सोनिपतनंतर डब्यात रोजच्या प्रवाशांची गर्दी होते, कोपर हलवायला जागा राहत नाही आणि बाहेर दिवे सुरू होतात.